शेपूटशास्त्री

कृष्णा-पंचगंगेचं पाणी चढलं, की शिरोळ भागात उसातले साप गावाकडे सरकतात आणि आमचे आण्णा सापाकडे. साप धरणं हे सर्पमित्राचं काम; सापाच्या मनातलं सांगणं हे आण्णांचं. हातात ना काठी, ना पिशवी. फक्त मोबाइल, आणि त्यात परदेशातल्या लोकांनी पाळलेल्या अजगरांचे व्हिडिओ.

त्या अजगरांपुढे उंदीर धरला, की एखाद्याच्या शेपटीचं टोक वळवळू लागतं. ओठांवरच्या खळग्यांना उंदराची ऊब लागलेली असते. मग झडप, मग वेटोळं. एवढ्यावर आण्णांनी अख्खं शास्त्र उभं केलंय. "तोंडाकडं काय बघतायसा? भूक शेपटीत असती!"

स्वतः अजगर पाळायची त्यांची फार हौस. पण भारतीय अजगर १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, आणि वहिनींचाही सक्त विरोध. कायद्यात निदान दुरुस्ती तरी होते. म्हणून आण्णांची प्रॅक्टिस लोकांच्या दारातल्या सापांवर.

मागं एका गोठ्यात धामण निघाली. वाळक्या पाचटात तिची शेपटी खडखडली. आण्णांनी निदान केलं, "भुकेजलीया. उंदीर आणा."

"आण्णा, उंदरासाठीच आलीया ती. आत्ता भ्यालीया. मागं सरा," सर्पमित्र म्हणाला.

आण्णा दोन पावलं सरले. मत तिथंच राहिलं.

पंगतीत त्यांच्याशेजारी बसू नये. बर्मी अजगराचं हृदय जेवणानंतर ४८ तासांत ४० टक्क्यांनी वाढतं, हे २००५चं संशोधन ते बासुंदीच्या तिसऱ्या वाटीला ऐकवतात. समोरून वाढणाऱ्या वहिनी म्हणतात, "तुमचं नुसतं पोटच वाढतंय, त्येचं संशोधन करा."

या शास्त्राची खरी परीक्षा मांडुळानं घेतली. संकटात मांडूळ डोकं अंगाखाली लपवून बोथट शेपूट पुढं करतं. म्हणून तर लोक त्याला दुतोंड्या म्हणतात. बांधावर गर्दी जमलेली. आण्णांनी एका टोकाकडे बोट दाखवून भूक, राग, स्वभाव असं सगळं उलगडून सांगितलं. तेवढ्यात त्या टोकातून जीभ बाहेर आली.

गर्दी आण्णांकडे बघू लागली. आण्णांनी घसा खाकरला.

"ह्यो नियम तोंडालाबी लागू हाय!"