अपग्रेडशेठ

कंपनीने गाडीत जे जे बसवलंय ते गिऱ्हाइकाला गंडवायलाच बसवलंय, यावर अपग्रेडशेठची अढळ श्रद्धा असते. हॉर्न कंपनीचा? काढून टाका. हेडलाइट कंपनीचे? रात्री समोरचा म्हातारा दिसायचा नाही. टायर, सीट कव्हर, एअर फिल्टर, सायलेन्सर असं करत करत शोरूममधून आणलेल्या गाडीत मूळचं एवढंच उरतं: चासी नंबर आणि बँकेचा हप्ता.

नालासोपाऱ्याहून निर्मळमार्गे कळंबला येताना प्रत्येक नाक्यावर असा एक शेठ भेटतो. वय चाळिशीच्या अल्याड-पल्याड. वडिलोपार्जित वाडी, त्यातली थोडी विकलेली, थोडी रिसॉर्टला भाड्याने दिलेली. त्यामुळे हातात पैसा बेताचा असला तरी वेळ मुबलक. दारात एमएच-४८ ची एक लिटर इंजिनाची वॅगन-आर. रस्ता सात-आठ किलोमीटरचा. त्यात खड्डे, शाळेची बस, केळीचा टेम्पो आणि रस्त्याच्या मधोमध गप्पा मारणारे दोन रिक्षावाले. या रस्त्यावर तिसऱ्या गिअरच्या पुढे गेलेल्या माणसाचा गावाने सत्कारच करायला हवा. पण शेठची तक्रार रस्त्याबद्दल नसतेच. ‘गाडीला पिकअप नाय रे,’ असं तो म्हणतो आणि बॉनेट उघडतो.

फ्युएल पंप हा त्याचा सर्वांत महत्त्वाकांक्षी प्रकल्प. खरं तर त्याच्या गाडीचा पंप आधीच एकदा बदलून झाला होता. जुलै २०२० मध्ये मारुतीने फ्युएल पंपात दोष असू शकतो म्हणून १,३४,८८५ वॅगन-आर आणि बलेनो गाड्या तपासणीसाठी परत बोलावल्या. सदोष निघालेला पंप फुकट बदलून मिळणार होता. शेठची गाडी त्या यादीत निघाली, नवा पंप बसला, गाडी घरी आली. दुसरा कुणी असता तर सत्यनारायण घातला असता. शेठ मात्र हिरमुसला. ‘फुकट देतायत म्हणजे कसला असेल तो!’

पुढे काही वर्षांनी गाडी सकाळी सुरू होताना आचके द्यायला लागली, तेव्हा त्याला मनासारखं कारण सापडलं. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर दिवसभर फिरून तो एक खोका घेऊन आला. ओटीवर चार माणसं जमेपर्यंत खोका उघडला नाही. मग गंभीर आवाजात म्हणाला, ‘तासाला दोनशे पंचावन्न लिटर.’

‘काय, पाणी?’ शेजारच्या निवृत्त गुरुजींनी विचारलं.

‘पेट्रोल, गुरुजी. रेसिंगच्या गाड्यांना हाच लावतात.’

गुरुजींनी गणित विषय बत्तीस वर्षं शिकवलेला. टाकी किती लिटरची, एवढं त्यांनी विचारून घेतलं. बत्तीस. ‘म्हणजे साडेसात मिनिटांत टाकी रिकामी. निर्मळच्या तळ्यापर्यंत तरी जाशील ना?’

शेठ हसला, अडाण्यांच्या गावात जन्माला आल्याचं हसला. पण गुरुजींच्या गणितातच सगळी मेख होती. ताशी ऐंशीच्या वेगाने निघालेली ही गाडी तासाभरात फार तर साडेचार-पाच लिटर पेट्रोल जाळते. पंप कितीही ढकलो, इंजिनात किती जायचं ते इंजेक्टर आणि त्यांना हुकूम देणारा संगणक ठरवतो. उरलेलं रेग्युलेटरमधून पुन्हा टाकीत पडतं. म्हणजे चारशे-साडेचारशे अश्वशक्तीच्या इंजिनाला पुरेल असा पंप सदुसष्ट अश्वशक्तीच्या वॅगन-आरमध्ये बसवला, की अडीचशे लिटर पेट्रोल दर तासाला टाकीतल्या टाकीत प्रदक्षिणा घालतं. पुण्य लागत असेल, पिकअप वाढत नाही.

शेठने यावर वाडीतला दाखला काढला. ‘विहिरीवर एक एचपीचा काढून पाचचा पंप लावला तर पाणी जास्त येतं का नाय?’

‘येतं की,’ गुरुजी म्हणाले. ‘पण आपल्याला भिजवायची आहेत दोन अळवाची पानं.’

रविवारी माडाखाली टाकी उतरवायचा सोहळा झाला. इतकं मात्र मान्य केलं पाहिजे, की शेठ काम नीट करतो. पंपाचा फ्यूज काढून गाडी आपोआप बंद पडेपर्यंत चालवली, म्हणजे नळीतला दाब उतरला. बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवली. बघायला आलेल्या मेव्हण्याने विडी काढली तेव्हा त्याला वाडीच्या कुंपणाबाहेर घालवलं. पेट्रोल कॅनमध्ये काढलं, पंपाचा सांगाडा वर घेतला. तेव्हा कळलं की नवा पंप त्या सांगाड्यात बसत नाही. मग कटर आला, क्लिपा आल्या, रबरी नळी आली. वहिनी चहा घेऊन आल्या आणि सुट्या भागांकडे बघत म्हणाल्या, ‘अहो, हे सगळं परत आत जाणार आहे ना?’ सगळं गेलं. दोन वॉशर उरले. ‘हे कंपनी जास्तीचे देते,’ शेठ म्हणाला. कंपनीने काही जास्त दिलं, अशी कबुली त्याने आयुष्यात ही एकदाच दिली.

किल्ली फिरवली की इंजिन लागण्याआधी पंप दोन-तीन सेकंद चालून नळीत दाब भरतो. कंपनीच्या पंपाचा हा आवाज कान दिल्याशिवाय कळत नाही. शेठचा पंप मात्र ‘ऊंऽऽऽ’ असा गजर करतो, की समोरच्या माडावरचे कावळे उडतात. शेठला हेच हवं होतं. पाहुणे आले की आधी पंप ऐकवायचा, मग पाणी विचारायचं. नुसत्या किल्लीच्या या खेळात बॅटरी दोनदा उतरली. तेव्हा बॅटरी ‘कंपनीची, म्हणून फालतू’ ठरली आणि मोठी बॅटरी आली.

चौथ्या दिवशी डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला. रेग्युलेटरला एवढा लोंढा टाकीत परतवता येईना, नळीतला दाब वाढला, पेट्रोल जास्त जायला लागलं. सायलेन्सरमधून वास आणि टाकीतून पैसे, दोन्ही जोरात बाहेर पडू लागले. शेठचं मत वेगळं. ‘गाडी आता इतकी पॉवर मारते की कंपनीच्या कॉम्प्युटरला झेपत नाय.’

या पॉवरची परीक्षा कळंबच्या चौपाटीवर झाली. ओहोटी होती. शेठने पाहुण्यांना बसवून गाडी सुरूच्या बनातून थेट वाळूत घातली. शंभर पावलांवर चाकं रुतली. त्याने ॲक्सिलरेटर दाबला, पंप किंचाळला, चाकं आणखी खाली गेली. वाळूत खरा इलाज असतो चाकातली हवा उतरवण्याचा. तेहतीसवरची अठरावर आणली की टायर पसरतो आणि गाडी वर तरते. पण दाब कमी करणं शेठच्या तत्त्वात बसत नाही. भरतीच्या आधी ट्रॅक्टर आला म्हणून गाडी वाचली. घोडागाडीवाला जाता जाता घोडा थांबवून म्हणाला, ‘शेठ, आपल्याकडे पंप नाय, पण सोडतो घरापर्यंत.’

आता मूळच्या आचक्यांचं. ते अजूनही येत होतेच. शेवटी वहिनींनी परस्पर नालासोपाऱ्याच्या मिस्त्रीला बोलावलं. त्याने बॅटरीवर मीटर लावला: साडेबारा व्होल्ट. पंपाच्या जोडणीवर लावला: दहा. जोडणी उपसली तर आतल्या पितळी पिना हिरव्यागार. खाऱ्या वाऱ्याने कळंबमध्ये खिडकीचे गज राहत नाहीत, पिनांची काय कथा. त्याने पिना पॉलिश पेपरने घासल्या, अर्थची तार साफ करून आवळली, दीडशे रुपये मागितले. ‘पुराना पंप एकदम ठीक था, शेठ,’ असं तो म्हणाला, आणि ओटीवर इतकी शांतता पसरली की फक्त गुरुजींचा पेपर वाजला.

शेठ खचेल असं वाटलं असेल तर तुम्ही त्याला ओळखलं नाही. आठवड्याने मेव्हण्याने त्याला कायदा दाखवला: मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनुसार गाडीत नियमबाह्य बदल केला तर मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. शेठने बोटांवर हिशोब केला. हॉर्न, लाइट, सायलेन्सर... चेहरा उजळला. ‘म्हणजे नुसत्या दंडातच माझी गाडी लाखाची झाली!’

तुमच्या गाडीने आचके दिले, तर आधी फ्यूज, रिले, फिल्टर आणि अर्थची तार बघून घ्या. टाकी कायम रिझर्व्हवर ठेवू नका. आतला पंप भोवतालच्या पेट्रोलनेच थंड राहतो, ते तळाला गेलं की तो तापतो. कंपनीच्या वेबसाइटवर चासी नंबर टाकून आपली गाडी परत बोलावलेल्यांच्या यादीत आहे का तेही पाहा. असली आणि भाग सदोष निघाला, तर तो फुकट बदलून मिळेल. आणि हे सगळं करताना बॉनेट घरामागे उघडा. रस्त्याच्या बाजूला उघडलंत, तर शेठ चहा घ्यायला येईल आणि जाताना तुमच्या गाडीतलं काहीतरी कमी प्रतीचं ठरवून जाईल.