डबा घेऊन रानात

सिडनीला मुलाकडे आलेल्या आई-वडिलांना ऑपेरा हाउस आणि हार्बर ब्रिज दाखवून झाले, की मुलाकडचा साठा संपतो. मग गाडी निघते रॉयल नॅशनल पार्ककडे. शहराच्या दक्षिणेला तासाभरावर, युकॅलिप्टसचं आणि समुद्रकड्यांचं सुमारे दीडशे चौरस किलोमीटर रान. अशाच एका गाडीतल्या बोरिवलीकर आजोबांनी विचारलं, "बिबट्या आहे ना?"

नाही.

"मग गाडीचे पैसे कसले घेतात?"

मुलाने इतिहास काढला. यलोस्टोननंतरचं हे जगातलं दुसरं राष्ट्रीय उद्यान मानतात, १८७९ चं. 'रॉयल' ही पदवी मिळाली १९५५ मध्ये, आदल्या वर्षी राणी एलिझाबेथची आगगाडी इथून गेली म्हणून. "बढतीला ७६ वर्षं? आमच्या बँकेतसुद्धा एवढी लागत नव्हती!"

आजींना यातलं काही ऐकायचं नव्हतं. मांडीवर थालीपिठांचा डबा होता, आणि कागदोपत्री त्यांचीच बाजू भक्कम होती. उद्यान काढलं ते शहरी माणसांच्या विरंगुळ्यासाठी. मूळ दस्तऐवजात हिरवळी, प्राणिसंग्रहालय, घोड्यांची शर्यत, क्रिकेट, शिवाय तोफांचा सराव, सगळ्याची सोय होती. हजारो वर्षं इथे राहणाऱ्या धारावल लोकांना काय हवं, तेवढं विचारायचं राहिलं. रानाची शोभा वाढवायला बाहेरची रुसा हरणं आणली. ती आता इतकी माजली आहेत, की सरकार त्यांना आवरता आवरता थकलं आहे.

ऑडलीला नदीकाठच्या हिरवळीवर डबा उघडला. कुकाबरा हा किंगफिशरच्या कुळातला पक्षी साप-सरडे खातो, असं पाटीवर होतं. फांदीवरच्या कुकाबराने पाटी वाचली नसावी. आजोबांच्या हातातलं थालीपीठ त्याने लोण्यासकट उचललं आणि वर बसून सगळे भाऊबंद गोळा होईपर्यंत खदाखदा हसला. आजी खूश. "नातवाला नको असतं, यांना बघ कसं आवडतं!"

पावसानंतरच्या पायवाटेवर आजोबांच्या पोटरीला जळू लागली. सून किंचाळली, आजोबा म्हणाले, "असू दे, पुण्यात वैद्य पैसे घेऊन लावतो."

शेवटी बंडीनाहून चालत वेडिंग केक रॉक. पांढराशुभ्र वालुकाश्माचा कडा कोसळण्याचा धोका असल्याने २०१५ मध्ये त्याला कुंपण घातलं. तरी एक तरुण कुंपण ओलांडून टोकावर फोटो काढत होता. इंग्रजी पाट्यांना त्याने जुमानलं नव्हतं.

"ए, उतर खाली! आईला फोन करू का तुझ्या?" आजी अस्सल मराठीत कडाडल्या.

तो मुकाट्याने कुंपणाच्या अलीकडे आला आणि "सॉरी" म्हणाला. आजींनी त्याला उरलेलं थालीपीठ दिलं.