पापलेटवर दोनदा

कॉम्प्युटर कळणाऱ्या माणसाला कचेरीत पगारवाढ मिळत नाही, हाका मिळतात. उरण तालुक्यात, मोरा बंदराजवळच्या एका कचेरीतले असे हाकांचे धनी म्हणजे सोप्पेभाऊ. हे त्यांचं आडनाव नव्हे. कुणीही काहीही विचारलं की ते आधी "एकदम सोप्पं आहे" म्हणायचे आणि विचारणाऱ्याच्या पोटात गोळा यायचा.

हा काळ मोबाइलच्या आधीचा, म्हणजे मोबाइलने धड फोटो येऊ लागण्याच्या आधीचा. कचेरीत एकच डिजिटल कॅमेरा होता आणि त्याची जडसंग्रह नोंदवहीत रीतसर नोंद होती. केबलची मात्र वेगळी नोंद करायची राहून गेली, त्यामुळे ती पहिल्याच वर्षी हरवली आणि हरवल्याचं सिद्धही करता येईना. मग कॅमेऱ्यातलं नखाएवढं कार्ड काढायचं, रीडरमध्ये घालायचं आणि फोटो 'उतरवून' घ्यायचे, असा प्रघात पडला. उतरवणार कोण? भाऊ.

भाऊ उतरवायचे आणि शिकवायचेही. शिकवताना खुर्चीवर स्वतः बसायचे, आणि शिकणाऱ्याने मागे उभं राहायचं. "हे बघा काकू, माय कॉम्प्युटर, ई ड्राइव्ह, डीसीआयएम, आत शंभर नंबरचं फोल्डर, कंट्रोल ए, कंट्रोल सी, इकडे कंट्रोल व्ही. झालं! समजलं ना?" आवक-जावकच्या काकू मान हलवायच्या. ते डीसीआयएम म्हणजे जिल्ह्याचे कुणी साहेब असावेत, अशी त्यांची बरेच दिवस समजूत होती. दुसऱ्या दिवशी आधी पेन ड्राइव्ह लावला गेला की कार्डाचा 'ई' जाऊन 'एफ' व्हायचा आणि काकूंचं कालचं सगळं शिक्षण वाया जायचं.

आता ही माणसं अडाणी होती का? मुळीच नाही. शिपाईमामा नोकरीत येण्याआधी बोटीवर खलाशी होते. पंचांगातली तिथी सांगा, ते तिची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगायचे: अष्टमी म्हणजे सहा, चतुर्थी म्हणजे तीन. कोणत्या दिवशी भांग, कोणत्या दिवशी उधाण, सगळं तोंडपाठ. असल्या माणसाला 'ड्रॅग अँड ड्रॉप' जमत नाही म्हणून हसणारे भाऊ स्वतः अजून लाँचच्या फळीवरून कठडा धरून उतरत.

घोटाळे मात्र रग्गड झाले. कार्डाच्या कडेला एक इवलीशी कळ असते. ती सरकवली की कार्ड कुलूपबंद होतं. हेडक्लार्क सरकारी वस्तू कुलपात असलेली बरी, या तत्त्वाचे. त्यांनी ती दिसताक्षणी सरकवली आणि कॅमेरा आठवडाभर फोटो घेईना. काकूंचा स्वभाव भिडस्त. कॉम्प्युटरने काहीही विचारलं की त्या 'यस' म्हणायच्या. कार्ड नव्याने पुसलं की त्या कॅमेऱ्याचे क्रमांक पुन्हा एकपासून सुरू होत, त्यामुळे जुन्याच नावाचा नवा फोटो यायचा. 'जुना काढून हा ठेवू का?' असं यंत्राने अदबीने विचारलं, काकूंनी तितक्याच अदबीने होकार दिला, आणि साहेबांच्या सत्काराच्या जागी गटाराच्या झाकणाचा फोटो आला. दोन्ही कामं कचेरीचीच होती, एवढंच समाधान.

मग नोव्हेंबर २००९ मध्ये फयान वादळ आलं. बोटींच्या नुकसानीचे पंचनामे झाले, फोटो काढले गेले, आणि ते संध्याकाळच्या आत वर पाठवा असा निरोप आला. त्याच दिवशी सोप्पेभाऊ मुंबईला गेलेले. परतीला भाऊच्या धक्क्यावर आले तर ओहोटी! मोऱ्याच्या धक्क्यापाशी गाळ इतका की पाणी उतरलं की लाँच लागत नाही, फेऱ्या बंद. हे मामांनी सकाळीच सांगितलं होतं, पण मामांना कोण विचारतो?

फोनवर शिकवणी सुरू झाली.

"काकू, उजवी कळ दाबा."

"भिंतीवरची?"

"माउसची हो! काय दिसतं?"

"पुष्कळ दिसतं. वाचू?"

काकूंनी वाचलं. सगळं वाचलं. भाऊंच्या फोनमधले पैसे संपले. पाणी चढल्यावर भाऊ आले, फोटो उतरवले, तर प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात नारिंगी आकड्यांत १ जानेवारी २००५. बॅटरी काढून ठेवल्यामुळे कॅमेऱ्याचं घड्याळ मागे गेलं होतं. वादळाच्या जवळपास पाच वर्षं आधीच बोटी फुटल्या, असा सरकारी पुरावा तयार!

त्या रात्री भाऊ घरी गेले ते गप्पच. नंतरचे काही दिवस ते, आश्चर्य म्हणजे, मागे उभे राहिले आणि काकूंना खुर्चीवर बसवून नुसतं बघत राहिले. काकूंचा हात कुठे थांबतो, मामा कोणत्या प्रश्नाला घाबरतात. मग त्यांनी पाच-सात ओळींची एक फाइल लिहिली. कार्ड कोणत्या अक्षरावर आहे ते तिनेच शोधायचं. ते सोपं होतं, कारण कॅमेरा कुठल्याही कंपनीचा असो, फोटो डीसीआयएममध्येच ठेवतो. मग आजच्या तारखेचं फोल्डर करायचं, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, म्हणजे ओळ चुकत नाही. फोटो तिथे आणायचे. कार्डावरचं काही पुसायचं नाही. आणि मुख्य म्हणजे, काकूंना एकही प्रश्न विचारायचा नाही. त्या फाइलच्या चित्राच्या जागी त्यांनी पापलेट बसवलं. पडद्यावर मधोमध, ताटातल्यासारखं.

"कार्ड घाला, पापलेटवर दोनदा टिचकी मारा," एवढाच कागद टेबलावर चिकटवला. मामांनी पहिल्या झटक्यात फोटो उतरवले आणि वर विचारलं, "हलवा नव्हता का?"

त्यानंतर भाऊंच्या हाका बंद झाल्या. हे त्यांनी धरलं नव्हतं. अकराच्या चहाला ते उगाच टेबलाटेबलांवरून फिरायचे, "काही अडलं का?" विचारायचे. कुणाचं काही अडायचं नाही. एकदा तर पापलेट पडद्यावरून नाहीसं झालं आणि भाऊ धावत आले. ते त्यांनीच हलवलं होतं, असा काकूंना संशय आहे. मला खात्री आहे.

पुढे भाऊंची बदली झाली. त्यांच्या जागी आलेला मुलगा चुणचुणीत, गळ्यात ओळखपत्र, बोलण्यात क्लाउड. पहिल्याच दिवशी तो माउस हातात घेत म्हणाला, "काकू, हे एकदम सोपं आहे."

काकूंनी त्याला उठवलं, स्वतः खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "तू जरा मागे उभा राहा बाळा."