सगळं ओरिजिनल आहे ना?

घासाघिशीचा नियम साधा आहे. ज्याला पैसे मिळायचे तो आकडा वर ओढतो, ज्याला द्यायचे तो खाली. हा नियम उलटा फिरलेला पाहायचा असेल, तर जुन्या मोटारीचा विमा उतरवायला बसावं. समोरचा एजंट काकुळतीला येऊन सांगत असतो, "साहेब, पंचवीस हजार लावू. हप्ता कमी बसेल." आणि ज्याच्या खिशातून हप्ता जायचा तो मी, टेबलावर मूठ आपटत असतो, "पंचवीस हजार? पाच लाखांच्या खाली मी सही करणार नाही!"

विम्याच्या कागदावर या आकड्याला घोषित मूल्य म्हणतात. नव्या गाडीच्या बाबतीत घोषणा करण्यासारखं फारसं काही नसतं. घसाऱ्याचा तक्ता ठरलेला आहे. पहिल्या सहा महिन्यांत पाच टक्के, वर्षाच्या आत पंधरा आणि पाचव्या वर्षी निम्मी किंमत गेली. पाच वर्षांनंतर मात्र तक्ता हात वर करतो. पुढची किंमत कंपनी आणि मालक यांनी परस्पर सामंजस्याने ठरवावी, असं नियम म्हणतो. माझी गाडी पन्नाशी ओलांडलेली. म्हणजे पंचेचाळीस वर्षांचं सामंजस्य एका कटिंग चहात उरकायचं होतं.

गाडी 1974 सालची प्रीमियर पद्मिनी, वडिलांनी घेतलेली. कुर्ल्याच्या कारखान्यातून 1964 पासून ही गाडी 'फियाट 1100 डिलाइट' म्हणून निघायची, मध्ये थोडा काळ ती 'प्रेसिडेंट' झाली आणि 1974 मध्ये 'पद्मिनी'. राष्ट्राध्यक्षाची राणी झाली तरी इंजिन तेच राहिलं, 1089 सीसीचं. आमच्या घरात मात्र ती पहिल्या दिवसापासून फियाट. आमची इमारत तिच्यापेक्षा चार वर्षांनी लहान आहे. महापालिकेने इमारतीला धोकादायक ठरवलंय. गाडी अजून पहिल्या चावीला उठते. हिवाळ्यात चोक ओढावा लागतो, पण एवढं कोणालाही लागतं.

पाच लाख हा आकडा मी हवेतून काढला नव्हता. पार्ल्याच्या एका सिग्नलला शेजारच्या मोठ्या गाडीतल्या, गॉगल लावलेल्या तरुणाने काच खाली करून मला विचारलं होतं, "काका, देता का?" त्याच्या गाडीवर एका मालिकेचा स्टिकर होता. जुन्या काळावरच्या मालिकांना असल्या गाड्या लागतात आणि ते लोक पैसे मोजतात, हे मला ठाऊक होतं. मी ताठ मानेने म्हणालो, "विकायची नाही." त्यावर त्याने जोरात हॉर्न वाजवला. तो साइड मागत होता, असं बायकोचं म्हणणं. ती शेजारीच बसली होती, पण मोटारींच्या बाजारभावातलं तिला फारसं कळत नाही.

एजंटने मग सरकारी दर दाखवला. थर्ड पार्टी विमा तर प्रत्येक गाडीला सक्तीचा. 1000 ते 1500 सीसीच्या खासगी मोटारीला त्याचा वर्षाचा हप्ता 3,416 रुपये. गाडी कालची असो वा पन्नास वर्षांची, आकडा तोच. यातला अर्थ एजंटला दिसला नाही, मला दिसला. माझ्या गाडीची स्वतःची किंमत घसरत घसरत पंचवीस हजारांवर आली असली, तरी दुसऱ्याचं नुकसान करण्याची तिची क्षमता शासनाने कोऱ्या गाडीइतकीच धरली होती. एवढा विश्वास अलीकडे माझ्यावरही कोणी दाखवलेला नाही.

वयाचा प्रश्न निघाला तेव्हा गोंधळ आणखी वाढला. 2021 च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली आणि मूळ रूपात राखलेली गाडी 'व्हिंटेज' ठरू शकते. मी खूश. पण मोटार विम्याची जुनी दरपुस्तिका 31 डिसेंबर 1940 पूर्वीच्या मोटारींनाच व्हिंटेज मानते. त्यांना आधी ठरलेल्या किमतीचा विमा आणि वर पंचवीस टक्के सूट. म्हणजे एका खात्याच्या लेखी माझी गाडी पुरेशी म्हातारी आणि दुसऱ्याच्या लेखी चौतीस वर्षांनी कोवळी. तिसरा निवाडा एका रॅलीत झाला. तिथे माझ्या शेजारी 'डुक्कर फियाट' उभी होती, 1950 च्या दशकातली, पुढचे दरवाजे उलटे उघडणारी. तिच्या मालकाने माझ्या गाडीला प्रदक्षिणा घातली आणि म्हणाले, "छान आहे. रोजच्या वापराची का?" रॅलीत याहून मोठी शिवी नाही.

त्यांच्याकडे डुक्कर असेल, पण माझ्याकडे हँडगिअर आहे. तसा तो त्यांच्याकडेही आहे, पण तो विषय मी तिथे काढला नाही. हँडगिअरबद्दल दोन शब्द बोलल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. बायको अशा वेळी स्वयंपाकघरात निघून जाते, वाचकांनीही हवं तर जावं. गिअरचा दांडा जमिनीतून उगवणं ही मोटारीच्या इतिहासातली पीछेहाट आहे, असं माझं ठाम मत आहे. आमच्या गाडीत तो स्टिअरिंगखाली डाव्या हाताशी असतो. त्यामुळे पुढची सीट अखंड, बाकासारखी, आणि तिच्यावर तीन माणसं ऐसपैस बसतात. मधल्या जागेवर बसण्यासाठी आम्हा भावंडांत मारामाऱ्या व्हायच्या. तिथे बसणाऱ्याला वडिलांच्या कोपराचे चारही गिअर बरगडीवर मोजता यायचे. मी गाडी पायांनी शिकण्याआधी बरगडीने शिकलो. कधीकधी दोन गिअर एकदम अडकायचे. मग वडील शांतपणे उतरून बॉनेट उघडायचे, आतल्या सळ्या हाताने सोडवायचे, हात पुसायचे आणि मागे खोळंबलेल्या बसच्या ड्रायव्हरला नमस्कार करून पुन्हा बसायचे. आजच्या गाडीत काही अडकलं, तर पडद्यावर पिवळं चिन्ह येतं. नमस्काराची सोय नाही.

आणि हँडगिअर चोराला येत नाही, हा तर उघड फायदा. एका लग्नात कार्यालयाच्या दारात वर्दीतल्या मुलाने मोठ्या ऐटीत माझ्याकडून किल्ली घेतली. अक्षता पडेपर्यंत तो आत आला आणि कानाशी लागून म्हणाला, "काका, याचा गिअर कुठे ठेवलाय?" आता, वाहनं तपासणाऱ्या एआरएआय या संस्थेने मान्य केलेलं चोरीविरोधी उपकरण बसवलं, तर हप्त्यात अडीच टक्के सूट मिळते, जास्तीत जास्त पाचशे रुपये. हँडगिअरला ही सूट मिळावी, असा रीतसर अर्ज मी एजंटच्या हाती दिला. त्याने तो घडी घालून खिशात ठेवला. पुढे पोचवला की नाही, ते कळलं नाही.

असो. किमतीकडे वळतो.

व्हिंटेज नोंदणीची हौस मला मनापासून होती. नव्या नोंदणीला वीस हजार, पुनर्नोंदणीला पाच हजार, मुदत दहा वर्षं, आणि थर्ड पार्टीच्या हप्त्यात निम्मी सूट. अट एकच: ती गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणायची नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, देखभाल आणि इंधन भरणं, एवढ्यापुरतीच ती बाहेर काढायची. म्हणजे पेट्रोल भरायला मी पंपावर जायचं, ते पेट्रोल घरी येताना जाळायचं आणि पुन्हा भरायला जायचं. यात बेकायदा काहीच नाही. पण निवृत्तीच्या दिवशी आमच्या कचेरीने मलाही शाल-श्रीफळ देऊन, भाषणात 'अमूल्य' म्हणून, दुसऱ्या दिवसापासून प्रवेशपत्र बंद केलं होतं. गाडीवर ती पाळी आणायला हात धजेना.

थट्टा बाजूला ठेवून सांगतो, या सगळ्या व्यवहारात एक गोष्ट मला खुपते. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 ला नोंदवली गेली होती. टॅक्सीला वीस वर्षांची मुदत. त्यामुळे 30 ऑक्टोबर 2023 पासून काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून कायद्याने गेली. त्या आठवड्यात लोक माझ्या गाडीशेजारी उभे राहून फोटो काढू लागले. सोसायटीच्या सेक्रेटरींनी त्याआधी तिला 'तो डबा' म्हणून दोन नोटिसा धाडल्या होत्या. तेही नातवाला घेऊन आले. माझ्या गाडीने त्या आठवड्यात काहीही केलं नव्हतं. ती कव्हरखाली उभी होती. तिच्या हजारो बहिणी मोडीत गेल्या, एवढंच तिचं कर्तृत्व. कारखाना एक, साचा एक. एकीने दोन पाळ्यांत राबून कोणाची बाळंतपणं, कोणाच्या परीक्षा, कोणाच्या पहाटेच्या गाड्या वेळेवर गाठून दिल्या. तिला किलोवर भाव. दुसरी सावलीत बसून राहिली, ती क्लासिक. गाडीची किंमत ठरवायला येणारा व्हॅल्यूअर पहिला प्रश्न विचारतो तो "किलोमीटर किती झाले?" आणि आकडा जितका लहान तितका त्याचा चेहरा खुलतो. न राबण्याला एवढा भाव आमच्या घरात कधीच नव्हता. वडिलांनी ती गाडी पैसे साठवून घेतली, ती आजीला दवाखान्यात न्यायला. प्रदर्शनात मांडायला नव्हे.

व्हॅल्यूअर आला त्या दिवशी कुर्ल्याचे उस्तादही आले होते. त्यांचं आयुष्य टॅक्सीवाल्यांच्या गाड्या दुरुस्त करण्यात गेलं. आता पद्मिनी घेऊन त्यांच्याकडे येणारे माझ्यासारखे थोडेच. व्हॅल्यूअरने चासी नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासली, छाप घेतली आणि घसारा समजावला: रबर आणि प्लॅस्टिकला पन्नास टक्के, दहा वर्षांवरच्या पत्र्यालाही पन्नास, काचेला शून्य. तेव्हा या गाडीत कायद्याने चिरतरुण अशी एकच गोष्ट निघाली, पुढची काच. ती एका मोडीत निघालेल्या टॅक्सीची होती. डॅशबोर्डवरचं मीटर दुसऱ्या टॅक्सीचं, डावा दरवाजा तिसरीचा. हे उस्तादांना ठाऊक आणि मला ठाऊक.

"सगळं ओरिजिनल आहे ना?" व्हॅल्यूअरने विचारलं.

मी घसा साफ करू लागलो. उस्ताद फडक्याने हात पुसत म्हणाले, "एकदम ओरिजिनल, साहेब. एकूण एक पार्ट कुर्ल्याच्या कारखान्यातला."

यात खोटं काय होतं, ते आजवर मला शोधता आलेलं नाही. उस्तादांच्या हातांची मात्र कुठल्याच रकान्यात नोंद झाली नाही. ते गेले, की पुढची पन्नास वर्षं ही गाडी कोण चालती ठेवणार, त्याला विमा नाही.

शेवटी दीड लाखावर सामंजस्य झालं. पॉलिसीचा कागद मी दिवाणखान्यात, सगळ्यांना दिसेल असा ठेवला आणि गाडीवर नवं कव्हर घातलं. आठवडाभर तिला हलवलं नाही. दीड लाखांची वस्तू खड्ड्यात घालायची म्हणजे काय? भाजी मी पायी आणू लागलो.

बायकोने कागद वाचला, हप्ता वाचला आणि पिशवी माझ्या हातात दिली. "अहो, कव्हर काढा आणि उद्यापासून बाजारात तिलाच न्या. नुसती उभी राहिली, तर पुढच्या वर्षी तुम्ही तीन लाख म्हणाल. रोज वापरली, की किंमत उतरेल. किंमत उतरली, की हप्ताही उतरेल."