नकलवाले भाऊ

कारंजा (घाडगे) इथल्या माणसाला स्वतःबद्दलची पहिली नवलाची बातमी गाव सोडल्यावर मिळते. पुण्यामुंबईकडे त्याने गावाचं नाव सांगितलं की समोरचा हात जोडतो, "वा, म्हणजे नृसिंह सरस्वतींच्या जन्मगावचे!" ते कारंजा लाडाचं, वाशिम जिल्ह्यातलं, आपलं घाडग्यांचं, वर्धा जिल्ह्यातलं, नागपूर-अमरावती रस्त्यावरचं, हा खुलासा होईपर्यंत नमस्कार होऊन गेलेला असतो. बाकीच्या बातम्यांसाठी मात्र एवढं लांब जावं लागत नाही. त्या गावातच, तहसीलजवळच्या टपरीवर, पन्नीत खर्रा घोटत बसलेल्या एका इसमाकडे असतात. हा इसम प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी एकतरी असतोच, म्हणून त्याला खासगी नाव द्यायचं कारण नाही. लोक त्याला नकलवाले भाऊ म्हणतात. तो अर्जनवीस नाही, दलाल तर मुळीच नाही. मुलाच्या जातीच्या दाखल्यासाठी तो एकदा जुन्या नकला काढायला गेला आणि तिथेच रमला, एवढाच त्याचा इतिहास. मुलगा शिकून नोकरीला लागला, तरी बापाचं रेकॉर्ड रूमला जाणं काही थांबलं नाही.

इतर मागासवर्गाच्या दाखल्याला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा, अनुसूचित जातीला १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा. या तारखा भाऊंना स्वतःच्या लग्नाच्या तारखेपेक्षा पक्क्या पाठ. त्यामुळे दहावी-बारावीचे निकाल लागले की अख्खा तालुका आपापला आजा-पणजा शोधायला निघतो, आणि वाटेत भाऊ भेटतात. शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर, कोतवाल बुक, अधिकार अभिलेख ही त्यांची पोथी. त्यातून जे निघतं ते ऐकून भले भले गप्प होतात. ग्रामसभेत वक्तशीरपणावर बोलणाऱ्या पुढाऱ्याच्या नावापुढे शाळा सोडल्याचं कारण लिहिलेलं असतं, "सतत गैरहजर". पाच पिढ्यांची पाटीलकी सांगणाऱ्याचा पणजा रजिस्टरात सालदार निघतो. आणि दोघे सख्खे भाऊ कोतवाल बुकातल्या एकाच नोंदीवरून भांडतात, कारण त्यात बापाचं नाव, तारीख आणि 'मुलगा' एवढंच आहे. बारसं व्हायच्या आधीच कोतवालाने नोंद करून टाकलेली. तो मुलगा थोरला की धाकटा, हे पन्नास-साठ वर्षांनी टपरीवर ठरतं.

माझं म्हणणं असं, की भाऊ हा गावाचा उपद्रव नसून सोय आहे. आपल्याविषयीची सगळ्यांत चकित करणारी माहिती स्वतःकडे डोकावून मिळत नाही, ती दुसऱ्याच्या दप्तरात पडलेली असते. जोसेफ लुफ्ट आणि हॅरिंग्टन इंगम या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९५५ साली माणसाच्या ओळखीची चार खणांची एक खिडकी काढली. त्यातला एक खण असा, की आपल्याबद्दल लोकांना माहीत आणि आपल्याला पत्ता नाही. शहरातला माणूस तो खण उघडायला शिबिराची फी भरतो. कारंज्यात तो एका चहावर उघडतो, आणि बहुधा आपण नको म्हणत असताना.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: ही निव्वळ चुगली झाली. नाही. चुगलीखोर तुमची कालची गोष्ट तुमच्या माघारी दुसऱ्याला सांगतो. भाऊ तुमची साठ वर्षांपूर्वीची गोष्ट तुमच्या तोंडावर तुम्हालाच सांगतात. चार मित्रांसमोर सांगतात हे कबूल. पण त्या चौघांचीही पाळी येतेच, त्यामुळे कोणाला फार हसता येत नाही. "हसू नको बे, तुह्या आज्याचंबी पान हाय माह्याजवळ," एवढ्यावर टपरी शांत होते. समतेसाठी एवढा प्रभावी उपाय आमच्या समाजसुधारकांनाही सापडला नव्हता.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: कागद म्हणजे सत्य नव्हे. याला पुरावा खुद्द कारंज्याचे वाढदिवस. गणिती सांगतात की कोणतेही २३ लोक एकत्र आले तर त्यांतल्या दोघांचा वाढदिवस एकच असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते, आणि हे ऐकून जग थक्क होतं. साठीच्या पुढच्या कारंजेकरांना यात काय नवल? त्यांना २३ कशाला, दोघं पुरतात. शाळेत नाव घालताना मास्तरांनी सरसकट १ जुलै लावून दिली. गुरुजी बदलले की १ जून. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा आला १९६९ साली, आणि तो कायदा घराघरात पोचायला आणखी बरीच वर्षं गेली. म्हणजे भाऊंची अर्धी पोथी गुरुजींच्या कल्पनाशक्तीवर उभी आहे. पण हेही आपल्याला सांगितलं कोणी? भाऊंनीच. कोतवाल बुकातली तारीख आणि दाखल्यावरची तारीख शेजारी ठेवून, "तू दोनदा जन्मला गा," असं सांगणारा माणूस कागदाचा अंधभक्त कसा म्हणायचा? कागद तहसीलसाठी आणि खरं आपल्यासाठी, असे दोन हिशोब ते वेगवेगळे ठेवतात. आपण एकही ठेवत नाही.

तिसरी तक्रार मत्सराची आहे आणि ती कोणी उघड करत नाही: या माणसाला सगळे कसे ओळखतात, आणि आपल्याला का नाही? त्याचं उत्तर स्कॉट फेल्ड या समाजशास्त्रज्ञाने १९९१ साली देऊन ठेवलं आहे. बहुतेक माणसांपेक्षा त्यांच्या मित्रांना सरासरीने जास्त मित्र असतात. ज्याला मित्र फार, तो फार लोकांच्या यादीत येतो आणि प्रत्येक यादीची सरासरी फुगवतो. कारंज्यात प्रत्येकाच्या यादीत भाऊ आहेत. तेव्हा आपण एकलकोंडे आहोत असं वाटून संत्र्याच्या बगीच्यात उदास बसायचं कारण नाही. भाऊंना यादीतून वगळा आणि मग मोजा. (वगळणं जमणार नाही, ही गोष्ट वेगळी.)

गुरांच्या बाबतीतही भाऊ आपलं अज्ञान शिल्लक ठेवत नाहीत. पिशवीतलं दूध पिणाऱ्या पोराला ते ऐकवतात की गवळाऊ ही पांढरीशुभ्र, चपळ गाय या वर्धा-नागपूर पट्ट्याची, नोंद झालेली स्वतंत्र जात आहे, आणि कारंजा तालुक्यातल्या हेटीकुंडीला तिचं सरकारी पैदास केंद्र. पोराला एवढंच कळतं, की गावात आपल्यापेक्षा गाईची वंशावळ पक्की आहे.

भाऊंच्या दप्तराला एक खिंडार मात्र आहे, आणि तिथे माझा युक्तिवाद लंगडा पडतो. त्यात बाया नाहीत. कोतवालाने बापाचं नाव लिहिलं, मास्तरांनी बापाचं लिहिलं. लग्नानंतर बाईचं आडनाव गेलं, पुष्कळदा नावही बदललं, आणि माहेरच्या गावासोबत तिचा कागदही मागे राहिला. नावापुढे आईचं नाव लावणं सरकारने सक्तीचं केलं ते १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांसाठी. त्याच्या आधीचं अर्धं कारंजा भाऊंच्या पोथीत 'पत्नी' आणि 'मुलगी' या दोन शब्दांत आटोपतं. तेव्हा आजोळ जुळवायचं झालं की त्यांना वही घेऊन कोणातरी म्हातारीच्या ओसरीवर जावं लागतं. तिच्याकडे रजिस्टर नसतं. अमकीचं लग्न कोणत्या पुराच्या साली, तमकीची सोयरीक कोणाच्या बैलजोडीपायी मोडली, कोणाची माय कोणाच्या मायची मावसबहीण, हे सगळं ती तुरीच्या शेंगा सोलता सोलता सांगते. आणि सांगण्याआधी विचारते, "तू कोनाचा गा?" भाऊ बापाचं नाव सांगतात. ते तिला पुरत नाही, ती मायचं विचारते. मग शेंग बाजूला ठेवून म्हणते, "अवं माय, तान्ह्या पोळ्याच्या दिवशी झालता तू." भाऊ आपली १ जुलै पुढे करतात, दाखल-खारीजचा पान क्रमांक सांगतात. म्हातारी परत शेंगा ओढते.

"तुह्या जलमाच्या येळी मास्तर होता का तेथी?"