तिसऱ्या मॉनिटरविरुद्ध

विरारजवळच्या नंदाखाल गावातल्या घरात बसून मुंबईच्या ऑफिसचं काम करायचं असेल आणि ऑफिसने हातात थिन क्लायंट ठेवला असेल, तर टेबलावर मॉनिटर किती मांडावेत? माझं उत्तर दोन. एक म्हणणारा कंजूष ठरतो, तीन म्हणणारा हौशी, आणि दोन म्हणणाऱ्याला दोन्ही बाजूंची बोलणी खावी लागतात. एकवाला म्हणतो, "डोळे दोन असले तरी बघणारा एकच ना?" तीनवाला म्हणतो, "एवढं केलंच आहे तर अजून एक लावायला काय जातं?" पहिल्याला उत्तर देणं सोपं आहे. खरी लढाई दुसऱ्याशी आहे, कारण 'अजून एक लावायला काय जातं' या वाक्याने आपल्याकडे लग्नाच्या मांडवापासून इमारतींच्या मजल्यांपर्यंत बरंच काही वाढवून ठेवलं आहे.

आधी थिन क्लायंट म्हणजे काय ते पाहू. जाडजूड पुस्तकाएवढी डबी; बऱ्याचदा पंखासुद्धा नसतो. फायली साठवायला तिच्यात जागा नाही आणि जड काम ओढायची ताकदही नाही. तुम्ही कळ दाबलीत की ती बातमी दूरच्या सर्व्हरला कळवायची, आणि सर्व्हरने धाडलेलं चित्र मॉनिटरवर दाखवायचं, एवढीच तिची नोकरी. हे काहीतरी नवं खूळ आहे असं वाटणाऱ्यांनी विरारच्या तिकीट खिडकीत डोकावावं. रेल्वेने संगणकावरचं आरक्षण 1985 साली दिल्लीत सुरू केलं, आणि 1999 साली दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई व सिकंदराबाद इथल्या यंत्रणा एकमेकींना जोडल्या. कोणत्याही गावाहून कोणत्याही गावाचं तिकीट मिळू लागलं ते तेव्हापासून. खिडकीतल्या क्लार्कच्या पुढ्यातल्या यंत्रात तुमची सीट कधीच नव्हती. ती दूर कुठेतरी होती आणि यंत्र फक्त विचारून सांगत होतं. त्याहीमागे जायचं तर 1964 साली टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सीडीसी 3600 हा मोठा संगणक आला, आणि देशभरातले संशोधक छिद्रं पाडलेल्या कार्डांचे गठ्ठे घेऊन त्याच्या दाराशी येऊ लागले. तेव्हा यंत्र जाड आणि वापरणारा बारीक, अशी वाटणी होती. पुढे 1971 साली आयबीएमने 3270 हे टर्मिनल काढलं आणि माणसाऐवजी तार धावू लागली. 'सर्व्हर डाउन आहे' हे वाक्य उच्चारताना क्लार्कच्या चेहऱ्यावर जी शांती पसरते, ती या सगळ्या इतिहासाची कमाई आहे. दोष आपला नाही हे सिद्ध झालेल्या माणसाची ती शांती असते.

नंदाखालला ही व्यवस्था मानवते, याला भूगोलाचा आधार आहे. विरार ते चर्चगेट अंतर 60 किलोमीटर. माणसाने ते कापायचं तर आधी बस किंवा रिक्षाने स्टेशन गाठायचं, मग विरार लोकलमध्ये चौथ्या सीटच्या कडेवर अर्धं बूड टेकवून दीड तास बसायचं, तेही नशीब असेल तर. माउसची टिचकी हाच प्रवास ऑप्टिकल फायबरमधून करते. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो, म्हणजे 60 किलोमीटर जाऊन परत यायला त्याला एक मिलिसेकंदही लागत नाही. वाटेतली राउटरं आणि कंपन्यांच्या जोडण्या धरल्या, तरी सर्व्हर ऐरोली-महापेच्या पट्ट्यातल्या एखाद्या डेटा सेंटरमध्ये असेल तर थोड्याफार मिलिसेकंदांत काम होतं. मीरा रोडला कुणी आत घुसत नाही, भाईंदरला कुणी ढकलत नाही. सर्व्हर अमेरिकेत असेल तर मात्र फेरी 200 मिलिसेकंदांच्या पुढे जाते, आणि आपण टाइप केलेलं अक्षर विचार करून उमटल्यासारखं उमटतं. तेव्हा पहिला प्रश्न मॉनिटर किती हा नव्हे, सर्व्हर कुठे हा आहे. तो बहुतेक जण शेवटी विचारतात.

आता एकवाल्यांकडे वळू. विम्याचा दावा तपासायचा असेल तर एकीकडे पॉलिसी आणि दुसरीकडे हॉस्पिटलचं बिल लागतं. जमाखर्च जुळवायचा तर एकीकडे बँकेचं स्टेटमेंट, दुसरीकडे खातेवही. एकाच पडद्यावर हे करायचं म्हणजे इकडचा आकडा डोक्यात धरायचा, खिडकी बदलायची आणि तिकडे उतरवायचा. मधल्या क्षणात घरातून कुणीतरी 'गॅस बंद केलास का?' असं विचारतं आणि 6859 चे 6589 होतात. सर्व्हर, फायबर आणि मॉनिटर या साखळीत सर्वांत कच्ची तार म्हणजे माणसाची आठवण. दुसरा मॉनिटर त्या तारेवरचा भार काढतो. दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहणं ही चैन नाही. काही कामं त्याशिवाय होतच नाहीत. एकवाल्यांचा दावा मी इथेच खर्चासह फेटाळतो.

दुसरा आक्षेप जास्त जड आहे आणि या मातीतला आहे. स्वतःचा धडधाकट संगणक असताना दुसऱ्याच्या सर्व्हरवर का जगायचं? वसईच्या वाड्यांमध्ये बावखलं होती, काही अजून आहेत. वाडीतच खणलेला पाण्याचा खड्डा, उतरायला पायऱ्या, पूर्वी पाणी ओढायला रहाट. पावसाचं पाणी त्यात साठायचं, जमिनीत मुरायचं, आणि केळी, पानवेली नि भाजीचे वाफे त्यावर निघायचे. पुढे भूजल उपसून टँकर भरले जाऊ लागले आणि किनारपट्टीच्या विहिरी मचूळ होऊ लागल्या. त्या टँकरांविरुद्ध आणि हिरवा पट्टा वाचवण्यासाठी उभ्या राहिलेल्या हरित वसई चळवळीचं नेतृत्व करणारे फादर फ्रान्सिस दिब्रिटो जन्माने नंदाखालचेच. ज्या गावाला आपला साठा आपल्याजवळ ठेवण्याचं मोल इतकं कळतं, त्याने घरातलं बावखल बुजवून मुंबईहून येणाऱ्या नळाला तोंड लावावं का? हा आक्षेप मला मान्य आहे, पण तो पाण्यालाच लागू पडतो. बावखलातलं पाणी वाडीवाल्याचं असतं. संगणकातली माहिती तुमची नसते. ती कुणाच्या तरी खात्याची, आजाराची, कर्जाची असते. ती नंदाखालच्या टेबलावर साठून राहू नये यातच साऱ्यांचं भलं आहे. चोराने थिन क्लायंट उचलून नेला तर त्याला एक डबी मिळते, ग्राहकांचे खातेक्रमांक मिळत नाहीत. लॅपटॉपची गोष्ट वेगळी. तो संध्याकाळी सहाच्या विरार फास्टमध्ये पोटाशी धरून आणायचा म्हणजे लेकरू आणि जोखीम एकाच पिशवीत. तुमचे घरचे फोटो, सोसायटीचे हिशेब, बागायतीच्या नोंदी खुशाल स्वतःच्या संगणकावर ठेवा. तिथे बावखल हवंच.

उरला मुख्य प्रतिवादी, तिसरा मॉनिटर. हिशेब मांडू. साध्या फुल एचडी मॉनिटरवर 1920 गुणिले 1080, म्हणजे 20,73,600 ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याच्या रंगाला 24 बिट आणि सेकंदाला 60 चित्रं धरली तर एका मॉनिटरसाठी सेकंदाला जवळजवळ 300 कोटी बिट लागतात. दोन मॉनिटरांसाठी 600 कोटी. घरात येणारं शंभर एमबीपीएसचं नेट सेकंदाला आणतं 10 कोटी, तेही ज्या दिवशी आणतं त्या दिवशी. साठपट तूट! तरीही काम चालतं, कारण सर्व्हर सगळं चित्र पाठवतच नाही. जेवढं बदललं तेवढंच, तेही दाबून बारीक करून पाठवतो. एक्सेलचा तक्ता पडद्यावर स्तब्ध पडून असेल तर तारेवर जवळपास काहीच वाहत नाही. इथे तीनवाला उसळून म्हणेल, "मग झालं! तिसरा मॉनिटर नुसता उभा राहिला तर नेटवर भार शून्य." मुद्दा बिनतोड आहे. तिसरा मॉनिटर नुसता उभा राहतो ही त्यातली एकच कल्पित गोष्ट. पहिल्यावर काम असतं, दुसऱ्यावर कामाचा संदर्भ असतो. तिसऱ्यावर काय असतं ते भारताच्या फलंदाजीच्या वेळी पाहावं. एरवी त्यावर ऑफिसची मीटिंग चालते, बारा चेहऱ्यांची, आणि त्यातले अकरा काहीही न बोलता हलत असतात. हलणारं चित्र हे थिन क्लायंटच्या चिमुकल्या प्रोसेसरला सर्वांत महाग पडतं. म्हणजे जो पडदा कामाला सर्वांत कमी उपयोगी, तोच तारेला आणि डबीला सर्वांत जास्त राबवतो. अशी माणसंही प्रत्येक ऑफिसात असतात, पण त्यांना काढता येत नाही. मॉनिटर काढता येतो.

विजेचा हिशेब याहून बोलका आहे. थिन क्लायंटला साधारण 10 वॉट पुरतात, जिथे साधा टॉवर 60 ते 100 खातो. 24 इंची एलईडी मॉनिटरला सुमारे 20 वॉट लागतात, म्हणजे एक मॉनिटर दोन थिन क्लायंटांइतका. फायबरचा डबा आणि राउटर मिळून आणखी 15. दोन मॉनिटरांचं टेबल 65 वॉटवर चालतं, तिसरा आला की 85. नुसत्या टेबलाचा हिशेब धरला, तर जो इन्व्हर्टर चार तास पुरायचा तो जेमतेम तीन पुरेल. ज्या गावात वारा सुटला की माडाची झावळी तारेवर आणि लाईट गुल, तिथे हा चौथा तास दिवसाचा सर्वांत महत्त्वाचा तास असू शकतो. आणि खोक्यावर 'थिन' छापलेलं असूनही एकूण बिल का जाडावलं, या घरच्या प्रश्नाला तिसरा मॉनिटर कधीच उत्तर देत नाही.

"लाईट आणि नेट दोन्ही गेलं तर तुमचे दोन मॉनिटरही काळेच की!" हा शेवटचा आक्षेप. खरं आहे. 2018 च्या जुलैत नालासोपाऱ्याला रूळ पाण्याखाली गेले, लोकल थांबल्या, वसईत वीजही गेली. 12 ऑक्टोबर 2020 ला तर सकाळी मुंबई महानगराचाच वीजपुरवठा कोलमडला. अशा दिवशी थिन क्लायंटवाला आणि जाड संगणकवाला दोघेही वाडीत जाऊन केळीचे घड मोजू शकतात. फरक लाईट परत आल्यावर कळतो. साध्या संगणकात न साठवलेलं पत्र गेलेलं असतं. थिन क्लायंटवाल्याचं काम सर्व्हरवर जसंच्या तसं उघडं असतं. पुन्हा लॉगिन केलं की अर्ध्या शब्दाशी सोडलेला कर्सर तिथेच लुकलुकत असतो. दर पाच मिनिटांनी लाईट जाणाऱ्या गावासाठी याहून मोठी सोय नाही. पण इथेही तिसरा नडतो. इन्व्हर्टर वाचवायला तो बंद ठेवून दोनच मॉनिटरांवर परत जोडणी केली, तर कधी कधी तिसऱ्यावर उघडलेल्या खिडक्या पडद्याबाहेरच्या कुठल्याशा अदृश्य प्रदेशात राहतात. खाली पट्टीवर त्यांचं नाव दिसतं, दर्शन होत नाही. मग विंडोजची कळ आणि बाणाची कळ दाबून त्यांना खेचून आणण्याचा उद्योग सुरू होतो, आणि तो पाहणाऱ्या मावशींची खात्री पटते की घरून काम म्हणजे असंच असतं.

मांडणीबद्दल थोडं. दोन्ही मॉनिटर एकाच मापाचे घ्या. नाहीतर एकावरून दुसऱ्यावर जाताना माउस पायरी चुकल्यासारखा उडतो. सेटिंगमध्ये 1 आणि 2 हे क्रमांक टेबलावरच्या जागांशी जुळवा. उलटे राहिले तर उजवीकडे जायला डावीकडून बाहेर पडावं लागतं. मायक्रोसॉफ्टच्या रिमोट डेस्कटॉपमध्ये 2007 च्या सुमारास दोन मॉनिटरांचा एकच लांब पडदा करण्याची सोय होती. तीत 'खात्री आहे का?' विचारणारी चौकट बरोबर मधोमध उगवायची, अर्धा प्रश्न इकडे, अर्धा तिकडे, आणि 'होय'चं बटण दोन प्लास्टिकच्या कडांमध्ये. 2009 मध्ये विंडोज 7 बरोबर प्रत्येक मॉनिटरला वेगळं ओळखण्याची सोय आली, 16 मॉनिटरांपर्यंत. 16 हा आकडा तीनवाल्यांना कळवू नये. आजही जुनी लांब-पडद्याची खूण चुकून लावलेली आढळते. ती काढून सर्व मॉनिटर वापरण्याची खूण करा. डबीच्या मागे बहुधा दोन डिस्प्लेपोर्ट असतात आणि घरातल्या जुन्या मॉनिटरला 1987 सालच्या वंशावळीचं व्हीजीए. स्टेशन रोडवर ॲडाप्टर घ्यायला निघण्याआधी दोन्ही टोकांचे फोटो मोबाइलवर काढून न्या. दुकानदाराला हाताने आकार दाखवून ते कळत नाही. समुद्र जवळ आहे, खारट दमट हवेत जोडांवर गंज चढतो, तेव्हा पावसाळ्याआधी केबल काढून, पुसून, पुन्हा घट्ट बसवा. आणि तिसऱ्या मॉनिटरसाठी बाजूला काढलेले पैसे इन्व्हर्टरच्या बॅटरीत घाला.