बिनसमुद्राचं बेट

माझे साडू मालवणचे. बँकेतून कॅशियर म्हणून निवृत्त झालेले, त्यामुळे व्हाउचर पाहिल्याशिवाय त्यांचा कशावरच विश्वास बसत नाही. आमच्याकडे आले की चहाच्या पहिल्या घोटाबरोबर सिंधुदुर्ग सुरू. "भर दर्यात किल्लो! तुमच्याकडे काय आसा?" ज्या शहरात नळाला रोज पाणी आलं तर लोक दचकतील, तिथल्या माणसानं यावर काय बोलावं? तरी या दिवाळीत मी म्हणालो, "चला, आमचंही बेट दाखवतो. आणि तुमच्या सिंधुदुर्गाखालच्या कुरट्यासारखं सपाट नाही, चांगलं डोंगराएवढं."

देवगिरीचा किल्ला आमच्या शहरापासून जेमतेम 15 किलोमीटर. कोकणाला समुद्र फुकटात मिळाला; आम्हाला तो खणावा लागला. डोंगराच्या कडा तासून भिंतीसारख्या उभ्या केल्या, पायथ्याला कातळातच खंदक कोरला, त्यात पाणी सोडलं आणि ये-जा करायला एक चिंचोळा पूल ठेवला. झालं बेट! साडू पुलावरून वाकून खालचं हिरवंगार पाणी न्याहाळत होते. "भरती खंय येता?" एवढंच विचारलं.

त्याआधी चांदमिनाराच्या सावलीत त्यांचा पहिला मुक्काम झाला होता. मुहम्मद तुघलकाला ही जागा इतकी पसंत पडली की 1327 साली त्यानं दिल्लीकरांची बिऱ्हाडासकट इथं बदली केली, असं मी सांगितलं. साडू हळहळले. त्यांची एकदा गडचिरोलीला झाली होती. "प्रवासभत्तो दिल्यान?"

गाइड मात्र उत्साही होता. 1296 साली अल्लाउद्दीन खिलजी चालून आला, रामदेवरायांचं सैन्य बाहेर गेलेलं, गडावर घाईघाईनं पोती चढवली आणि उघडून बघतात तर धान्याऐवजी मीठ! ही आख्यायिका आम्ही शाळेपासून ऐकतो आणि दर वेळी चुकचुकतो. साडू चुकचुकले नाहीत. "पोती उतरवून घेताना सही कुणाची होती?" त्यांनी गाइडलाच दरडावलं. खरं सांगायचं तर सातशे वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नाही हीच आमची चूक.

मग अंधारी आली. कातळातून वर चढणारा वळणावळणांचा भुयारी जिना, पायाखाली ओलसर चिकचिक, डोक्यावर वाघळं आणि त्यांचा तो नाकात बसणारा उग्र दर्प. गाइडनं ऐन मध्यावर टॉर्च विझवला. ही गाइड लोकांची ठरलेली खोडी.

"शत्रू इथं आला साहेब, की त्याला बाजूला उजेड दिसायचा. सुटलो म्हणून तिकडं धावला की थेट खंदकात. खाली मगरी."

"मगरी कायम होत्यो की रोजंदारीवर?" अंधारातून आवाज आला, पण माझा शर्ट मागून गच्च धरलेला होता. संधी साधून मीही इब्न बतूताची माहिती पुरवली. त्यानं इथल्या तळघरातल्या कैदखान्याबद्दल लिहून ठेवलंय की तिथले उंदीर मांजरांहून मोठे, आणि मांजरंच त्यांना बघून पळतात. साडू पुढचं वळण माझ्याआधी चढून गेले.

उजेडात आल्यावर पायऱ्या मात्र काही केल्या संपेनात. बारादरीच्या अलीकडं त्यांनी बसकण मारली. गाइड "आता थोडंच राहिलं" हे वाक्य ज्या सहजतेनं म्हणत होता, त्यावरून तो ते रोज म्हणतो हे कळत होतं.

बारादरीच्या वर जनार्दनस्वामींची गुहा आहे. स्वामी इथले किल्लेदार. पैठणचे एकनाथ त्यांच्याकडे हिशेब लिहायचे. एकदा एका पैचा घोळ होता, तो शोधायला नाथ रात्रभर जागले आणि सापडल्यावर आनंदानं टाळी वाजवली, ही कथा गाइडनं सांगितली. साडूंचा चेहरा पालटला. यादव, खिलजी, मोगल यांतल्या कुणाला जमलं नाही ते एका पैनं केलं. त्यांनी चपला काढल्या, गुडघेदुखी विसरून साष्टांग घातला आणि उठता उठता विचारलं, "चूक जमेची होती की नावेची?"

गाइडला ठाऊक नव्हतं. मग साडूंनी त्याला शेजारी बसवून कीर्द-खतावणी समजावायला घेतली. शिखरावरची तोफ मी एकटाच बघून आलो.